उताराच्या बागेत तळ्याविना धबधबा: गोव्यातल्या बागवानांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. घरामागची जागा थेट गडग्यापर्यंत, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणापर्यंत, वर चढत जाते. चार वर्षांपूर्वी त्या चढावर आम्ही घरच्या घरी नऊ मीटर लांबीचा ओहोळ आणि त्यात तीन लहान धबधबे केले. पहिल्या पावसाळ्यात त्यातलं अर्धं वाहून गेलं, ते पुन्हा बांधलं. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक येऊन बघतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. ती उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

तळ्याविना धबधबा म्हणजे नेमकं काय?

पाणी वरून खाली वाहत येतं आणि तळाशी गोट्यांच्या थरात शिरून दिसेनासं होतं. गोट्यांखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला खड्डा असतो, तीच पाण्याची टाकी. टाकीतला पंप तेच पाणी पाइपमधून वर नेऊन सोडतो. बघणाऱ्याला ओहोळ दिसतो, तळं कुठेच दिसत नाही.

कुळागर, म्हणजे आपल्याकडची पोफळीची बाग, पाहिलेल्या माणसाला यात नवीन वाटण्यासारखं फार नाही. झरीचं पाणी पाटाने पोफळींना द्यायचं, मातीचा ढेकूळ आणि केळीचं सोपट लावून पाट इकडचा तिकडे वळवायचा, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. पाटाचं पाणी पुढे निघून जातं, आपल्याला ते परत वर चढवायचं आहे, एवढाच फरक.

मग सरळ तळंच का करू नये?

करता येतं, पण उतारावर तळं करायचं तर सपाटी काढावी लागते. म्हणजे डोंगराच्या बाजूने जास्त खणायचं आणि खालच्या बाजूने भराव घालून बांध उभा करायचा. तो भराव पावसात भिजला की खचतो. शिवाय घरात लहान मूल असेल तर उघडं पाणी म्हणजे कायमची धास्ती. गोट्यांच्या टाकीवरून मूल चालत गेलं तरी पावलं ओली होण्यापलीकडे काही होत नाही. मासे पाळायचेच असतील तर मात्र तळ्याला पर्याय नाही.

उतार किती हवा? आणि मोजायचा कसा?

एक मीटरचा चढसुद्धा पुरतो. जास्त चढ म्हणजे चांगला धबधबा, हा समज सोडून द्या. चढ वाढला की पंप मोठा लागतो आणि बिलही वाढतं. बागेत दूधसागर करायला जाऊ नका, त्याचा कडा ३१० मीटरचा आहे. आपल्याला ४० ते ६० सेंटिमीटरच्या दोन-तीन उड्या पुरेशा होतात. मधल्या ओहोळाचा तळ जवळजवळ सपाट ठेवायचा, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार, त्याहून जास्त नाही. म्हणजे उडी, मग सपाट वाट, मग पुन्हा उडी, असा जिना झाला पाहिजे. आमच्या पहिल्या प्रयत्नात मी सगळा ओहोळ घसरगुंडीसारखा एकसारखा उतरता केला होता. पाणी मुकाट्याने सुर्रकन खाली यायचं, आवाज नाही आणि थांबणं नाही. पंप बंद केला की दोन मिनिटांत सगळं कोरडं.

मोजायला गवंड्याची पाण्याची नळी घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि आतले बुडबुडे टिचक्या मारून काढून टाकायचे. एक टोक वरच्या खुंटीला धरायचं, दुसरं खालच्या खुंटीला. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं, त्यामुळे दोन्ही खुंट्यांवर पातळीची खूण जमिनीपासून किती उंच येते ते मोजून वजाबाकी केली की दोन जागांमधला फरक कळतो. हे काम दोघांनी करायचं आहे. घाई करू नका आणि नळीत बुडबुडा राहू देऊ नका. आमच्याकडे एक बुडबुडा राहिला आणि एका टप्प्याची कड चार सेंटिमीटरने चुकली. पाणी ओहोळात पडायचं सोडून डाव्या बाजूने बागेत उतरायला लागलं.

गोव्यातला पाऊस याला सोसेल का?

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि नेमका हाच सगळ्यात शेवटी विचारला जातो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सत्तरी-सांगेकडचा पट्टा किनाऱ्यापेक्षाही जास्त भिजतो. आता हिशेब करा. धबधब्याच्या वर २०० चौरस मीटर चढ असेल आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या तुकड्यावर २०,००० लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी जमिनीत मुरलं तरी उरलेले १०,००० लिटर तुमच्या ओहोळाची तयार वाट पकडून खाली येणार, आणि सोबत तांबडी माती आणणार. तुम्ही तर उतारावर पाण्यासाठी घसरणच तयार करून ठेवली आहे, ते दुसरीकडे का जाईल?

आमच्याकडे पहिल्या आषाढात नेमकं हेच झालं. एका रात्रीत गोट्यांची टाकी चिखलाने भरली. सकाळी वरचा थर हाताने उकरला तर गोट्यांमधल्या फटींत कणकेसारखी तांबडी माती घट्ट बसलेली. सगळे गोटे बाहेर काढून, धुऊन पुन्हा भरायला आठवडा गेला.

त्यामुळे धबधब्याला हात लावण्याआधी ही तीन कामं करा.

पहिलं, ओहोळाच्या उगमापासून दीड-दोन मीटर वर, चढाला आडवा चर खणा. चर एका बाजूला उतरता ठेवा, म्हणजे डोंगराचं पाणी ओहोळाला वळसा घालून निघून जाईल. फूटभर खोल आणि फूटभर रुंद चर आमच्याकडे पुरतो, तुमचा चढ मोठा असेल तर मोठा घ्या. चराचं तोंड शेजाऱ्याच्या अंगणात किंवा गडग्याच्या पायात सोडू नका.

दुसरं, ओहोळाच्या दोन्ही कडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान १० सेंटिमीटर उंच राहू द्या. कागदाची कड त्या उंचवट्यावरून नेऊन मातीखाली दाबा. ओहोळात फक्त आभाळातलं पाणी पडावं, जमिनीवरून वाहत आलेलं नको.

तिसरं काम माणसं हमखास विसरतात. जुलैत डोंगराच्या पोटातून पाणी सुटतं, जिथे कधी ओल नव्हती तिथे झर फुटते. ते पाणी कागदाखाली साचलं की कागद पोटासारखा फुगून वर येतो आणि वरचे दगड ढकलून देतो. म्हणून खड्ड्याच्या तळाशी, कागदाच्या खाली, भोकं पाडलेला पाइप खडीत बसवा आणि त्याचं दुसरं टोक उताराच्या खालच्या बाजूला उघड्यावर काढा. सपाट बागेत हे करणं कठीण जातं. उतारावर ते फुकट साधतं, ही संधी सोडू नका.

याशिवाय टाकीला वरच्या पातळीवर जादा पाणी जायला एक ७५ मिलिमीटरचा पाइप ठेवा आणि त्याच्या तोंडाला जाळी लावा.

जागेत आधीच व्हाळ (नैसर्गिक ओढा) किंवा झर आहे. तिचंच पाणी वळवलं तर?

नको. त्या पाण्यावर खालच्या घरांचा, बागायतीचा आणि खेकडे-बेडकांचा हक्क आहे. व्हाळ आहे तसा राहू द्या आणि आपला धबधबा त्याच्यापासून दूर, स्वतःच्या पाण्यावर चालवा.

परवानगी लागते का?

फावड्याने खणलेला उथळ ओहोळ ही गोष्ट वेगळी आणि जेसीबी आणून डोंगर कापणं वेगळं. गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या, म्हणजे १९७४ च्या कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे डोंगराळ जमीन कापायला मुख्य नगर नियोजकांची आधी लेखी परवानगी लागते. आपली जागा त्यात बसते का, हे यंत्र बोलावण्याआधी नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात जाऊन विचारा. झाड पाडायचं असेल तर १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यासाठी वन खात्याकडे जावं लागतं. माझं म्हणणं असं की झाड पाडावं लागत असेल तर ओहोळाची वाट बदला. वळण घेतलेला ओहोळ सरळ ओहोळापेक्षा दिसतोही चांगला.

टाकी केवढी खणायची?

पंप सुरू झाल्यावर आधी ओहोळ भरतो आणि तेवढं पाणी टाकीतून कमी होतं. टाकी लहान असेल तर ओहोळ भरेपर्यंत पंप उघडा पडतो, कोरडा फिरतो आणि जळतो. म्हणून ओहोळात जेवढं पाणी वाहतं त्याच्या निदान तिप्पट पाणी टाकीत हवं.

आमचंच उदाहरण घ्या. ओहोळ नऊ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, पाण्याची खोली पाच सेंटिमीटर. म्हणजे २२५ लिटर. तिप्पट केलं की ६७५ लिटर. आता खड्डा दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, ९० सेंटिमीटर खोल घेतला तर तो २७०० लिटरचा होतो. पण त्यात दगड भरले की पाण्याला फक्त फटी उरतात, त्या साधारण ४० टक्के धरा. उरले १०८० लिटर. वरचे १० सेंटिमीटर कोरडे ठेवायचे आणि तळाचे १५ सेंटिमीटर पंपासाठी सोडायचे, म्हणजे वापरायला ७८० लिटर मिळतात. गरज ६७५ ची होती, भागलं. दगड भरायच्या आधी खड्डा बघून सगळे म्हणतात, केवढा मोठा खणलाय! भरल्यावर कोणी म्हणत नाही.

पंपासाठी २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप घ्या आणि त्याला चहूबाजूंनी १२ मिलिमीटरची भरपूर भोकं पाडा. ते खड्ड्याच्या एका कोपऱ्यात उभं करा आणि सभोवती दगड रचा. तळाला नारळाएवढे दगड, त्यावर ४० मिलिमीटरची खडी, वर गोटे. खडी क्रशरवरून आणलीत तर तिला भुकटी चिकटलेली असते, टाकण्याआधी पाइपने धुऊन घ्या. पिंपाचं झाकण वर उघडता आलं पाहिजे, पंप कधीतरी बाहेर काढावाच लागतो.

पंप किती ताकदीचा?

दुकानात अश्वशक्ती सांगतात. तुम्ही विचारायचं ते वेगळं आहे: इतक्या मीटर उंचीवर हा पंप तासाला किती लिटर देतो? खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा शून्य उंचीवरचा असतो.

पाण्याच्या पडद्याच्या दर ३० सेंटिमीटर रुंदीला तासाला साधारण ५००० लिटर पाणी असलं की धार भरदार दिसते. आमची कड ४५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ७५०० लिटर. उंची मोजताना टाकीच्या तळापासून मोजा. बाहेरचा चढ २.४ मीटर, टाकीतला ०.८ मीटर, आणि पाइपात घासून वाया जाणारा सुमारे एक मीटर. एकूण सव्वाचार मीटरच्या आसपास झाले, आम्ही साडेचार धरून पंप घेतला. पाइप ५० मिलिमीटरचा घ्या. पैसे वाचवायला २५ चा पाइप घातलात तर पंपाची निम्मी ताकद त्या पाइपातच जिरते. काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड वापरा.

असा पंप साधारण २५० वॅटचा निघतो. रोज पाच तास चालवला तर सव्वा युनिट, महिन्याला सदतीस-अडतीस युनिट.

ताडपत्री चालेल का? की सिमेंटचा पाट बांधू?

ताडपत्री उन्हाने वर्षभरात चिरते, त्यामुळे ती नको. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद चालतो आणि सहज मिळतोही, पण तो ताठ असतो, कोपऱ्यात नीट बसत नाही. ईपीडीएम रबर महाग पडतो, पण वळणांवर कापडासारखा बसतो. आम्ही टाकीला एचडीपीई आणि ओहोळाला ईपीडीएम वापरला, आणि दोन्ही एकमेकांना चिकटवत बसलो नाही. ओहोळाचा कागद टाकीच्या कागदावर फूटभर उतरवून सोडला. कौलं शाकारतो तसंच, वरचं कौल खालच्यावर. ओहोळात तुकडे जोडायचे असतील तरी हाच नियम, आणि काम नेहमी खालून वर. खाली कापडी जिओटेक्स्टाइल अंथरा. जांभ्याची धार कागदाला चाकूसारखी लागते, म्हणून कापडाच्याही आधी बारीक मातीचा हात फिरवा. कागद किती लागेल ते वहीत हिशेब करून काढू नका, खणलेल्या चरात वरपासून खालपर्यंत दोरी टाका, प्रत्येक उडीवरून आणि खड्ड्यातून नेऊन मोजा.

सिमेंटबद्दल गवंड्यांशी माझी दर वेळी चर्चा होते. पावसाळ्यात उताराची माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि नुसत्या सिमेंटच्या पाटाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चीर जाते. एका केसाएवढ्या चिरेतून रात्रभरात टाकी रिकामी होते. उडीच्या कडेचे दगड पक्के बसवायला सिमेंट जरूर वापरा, पण पाणी अडवायचं काम कागदालाच द्या.

जांभा वापरू की काळा दगड?

दोन्ही वापरा, पण जागा ओळखून. जांभा आपल्या मातीतला आहे, त्यावर दोन पावसाळ्यांत शेवाळ धरतं आणि तेरडा आपोआप उगवतो. काठावर त्याच्यासारखं काही नाही. मात्र घरबांधणीचे चौकोनी चिरे ओहोळात बांधकामासारखे दिसतात, खाणीवरचे तुटके, वेडेवाकडे तुकडे मागा. टाकीत आणि जिथे धार थेट पडते तिथे जांभा नको, तो झिजतो, पाणी तांबूस करतो आणि त्याची माती पंपात जाते. तिथे काळा दगड घ्या. गोटे नदीतून उचलून आणू नका, विकत घ्या.

पाणी दगडांच्या खालूनच जातं, वर दिसतच नाही. काय चुकलं?

काही चुकलं नाही, पाणी सोपी वाट शोधतं. उडीच्या सपाट दगडाखालच्या आणि बाजूच्या फटी बुजवाव्या लागतात. त्यासाठी काळा पीयू फोम मिळतो. दगड आधी ओला करा, फोम थोडाच मारा, तो फुगतो. ओला असतानाच त्यावर वाळू आणि बारीक खडे दाबा, म्हणजे तो दिसत नाही. फोम वाळल्यावर पंप लावा आणि समोर बसून बघा. कडेचा दगड पाचरीने थोडा पुढे झुकवला की धार दगडाला चिकटून खाली न ओघळता सुटी पडते. सुटी धार पाण्यावर पडली तर आवाज भरीव येतो, दगडावर पडली तर फटफट होतो आणि शिंतोडे उडून पाणी वाया जातं. एका संध्याकाळी आम्ही एकच दगड अकरा वेळा हलवला, शेवटी आईने स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं, आता बरा वाजतोय.

डास होतील का?

वाहत्या पाण्यात होत नाहीत. पण पंप बंद असताना टप्प्यांच्या डबक्यांत पाणी साठून राहतं, आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. रोज पंप चालवा. गावाला जाणार असाल तर डबकी उपसून कोरडी करा. टाकीतलं पाणी गोट्यांच्या १० सेंटिमीटर खाली ठेवा, पिंपाचं झाकण घट्ट बसवा आणि झाकणाच्या फटीला बारीक जाळी लावा.

काठावर काय लावावं?

वाळा सगळ्यात आधी. त्याची मुळं उभी खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पाण्याच्या कडेला ब्राह्मी, वेखंड, अळू, सावलीत नेचे. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. बांबू आणि वड-पिंपळाच्या जातीची झाडं ओहोळापासून लांब हवीत, त्यांची मुळं कागदाला सोडत नाहीत. टाकी माडाखाली घेऊ नका, नारळ पडायची भीती आहेच, आणि झावळ्या उचलता उचलता जीव जातो.

विजेचं काम स्वतः करावं का?

नाही. बाकी सगळं स्वतः करा, हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग, जमिनीतली वायर पाइपातून, आणि बटणाची पेटी पावसाबाहेर. पाण्यात हात घालण्याआधी पंपाची पिन काढलेली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मेघगर्जनेच्या दिवसांतही पिन काढून ठेवा.

पाणी रोज कमी होतं. गळती आहे का?

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे रोज दोन ते तीन बादल्या लागतात. नुसतं बाष्पीभवन बघितलं तर पाच चौरस मीटर ओल्या जागेतून दिवसाला २५-३० लिटर जाणारच, बाकीचं शिंतोड्यांत जातं. त्याहून बरंच जास्त जात असेल तर पंप बंद करून टाकीची पातळी खुणेने लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी तीच असेल तर टाकी शाबूत आहे आणि गळती ओहोळात आहे. बहुतेक वेळा ती कागदाच्या फाटण्याने नसते. कुठेतरी काठ खचलेला असतो, नाहीतर पालापाचोळा अडकून पाणी काठावरून उतरत असतं. काठाची माती हाताने चाचपत जा, ओली लागली की सापडलं. बॉलकॉक लावून टाकी आपोआप भरायची सोय पहिल्या वर्षी करू नका, गळती असली तरी ती कळतच नाही.

पावसाळ्यात पंप चालवायचा?

जून-जुलैत आम्ही काढून, धुऊन पडवीत ठेवतो. तेव्हा ओहोळ आपोआप वाहतो, बेडूक रात्रभर ओरडतात आणि डबकी रोज नवीन पाण्याने धुतली जातात. पाऊस आठवडाभर उघडला तर मात्र डबकी उपसा. चवथीला पाहुणे येतात तेव्हा पंप परत बसतो.

काम केव्हा सुरू करू, आणि एकट्याने होईल का?

दसऱ्यानंतर, जमीन अजून मऊ असते तेव्हा खणा. मार्चमध्ये जांभ्याच्या जमिनीत कुदळ उडून परत येते. पण त्याआधी एक पावसाळा नुसता बघण्यात घालवा. जोराच्या पावसात छत्री घेऊन चढावर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे साचतं ते बघून तिथे काठ्या रोवून ठेवा. आमच्या दुसऱ्या बांधणीची वाट त्या काठ्यांवरूनच ठरली. खणण्याचं काम दोन माणसांचं, मोठे दगड सरकवायला पहारी घेऊन तिघं लागतात. शनिवार-रविवार धरून आम्हाला दोन महिने लागले, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरू केलं आणि नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदा पाणी सोडलं.